कॉम्प्युटरची डिग्री परवडते का? मराठवाड्यातल्या घरांसाठी हिशोबाची वही

आमच्या घरी फी रुपयांत मोजत नसत, क्विंटलमध्ये मोजत. २०१६ साली कॉलेजच्या खिडकीतून ८८ हजारांची पावती हातात आली. बाबांनी ती उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं भागाकार मांडला आणि म्हणाले, "तीस क्विंटल सोयाबीन झालं की रे हे." आमची परभणी जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू. पाऊस वेळेवर आला तर एकरी सात क्विंटल. म्हणजे अख्खं रान एका वर्षाच्या फीलासुद्धा पुरत नव्हतं, आणि खोली-मेसचा तर अजून विषयच निघाला नव्हता.

मी ती डिग्री केली, नोकरीला लागलो, कर्जही फेडलं. पण वाटेत दोन चुका केल्या. त्यांची किंमत आज मांडली तर अडीच-तीन लाखांत जाते. दर जूनला गावाकडून फोन सुरू होतात, "दादा, लेकराला कॉम्प्युटरला टाकावं का?" फोनवर पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून जो हिशोब मी त्या वेळी करायला हवा होता, तो इथं पायरी-पायरीनं मांडतोय. खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत, एका मध्यम खाजगी कॉलेजचे. तुमच्या कॉलेजचे, तुमच्या शहराचे आकडे त्या जागी टाका.

१. एक वही घ्या आणि फीच्या पलीकडचं लिहा

लोक फी विचारतात आणि चारानं गुणतात. इथंच पहिला घोळ होतो. खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि मंजूर आकडा त्यांच्या वेबसाइटवर असतो. आधी तो बघा, मग कॉलेजचा क्लार्क काय सांगतो ते ऐका. ट्यूशन फी वेगळी लिहा, डेव्हलपमेंट आणि बाकीची फी वेगळी लिहा. सवलती बहुतेक ट्यूशन फीवर मिळतात, म्हणून ही फोड महत्त्वाची.

समजा वर्षाची फी १ लाख. त्यात ट्यूशन ८५ हजार, बाकीची १५ हजार. मुलगा खुल्या प्रवर्गातला, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) आलेला, निम्मी ट्यूशन फी माफ. मग वहीत असं पडेल:

- फी: ५७,५०० गुणिले ४ = २,३०,०००
- खोली आणि मेस, महिना ५,५००, वर्षाचे १० महिने: चार वर्षांत २,२०,०००
- परीक्षा फॉर्म, झेरॉक्स, प्रोजेक्ट, गावाकडं जाणं-येणं: वर्षाला १५,००० प्रमाणे ६०,०००
- लॅपटॉप: ५०,०००

झाले ५ लाख ६० हजार. लॅपटॉप पहिल्याच वर्षी महागडा घेऊ नका. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना जवळपास तेच गणित-फिजिक्स असतं, लॅब कॉलेजात असते. दुसऱ्या वर्षी घेतला तरी चालतं, आणि तोवर मुलाला काय लागतं तेही कळलेलं असतं.

आता एक ओळ अशी, जी कुणीच लिहीत नाही. हाच मुलगा बारावीनंतर संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत कंत्राटी कामाला लागला असता तर? महिना १२ हजार मिळाले असते असं धरा. पण पूर्ण १२ हजार वहीत टाकू नका, तिथंही त्याला खावं-राहावं लागलंच असतं. घरी पाठवण्याजोगे चार हजार उरले असते. चार वर्षांचे १ लाख ९२ हजार. डिग्रीच्या नादात हे पैसे घरात आले नाहीत, म्हणून तेही खर्चातच धरायचे.

२. शाखेच्या आधी सीटचा प्रकार बघा

माझी पहिली चूक इथली. एमएचटी-सीईटीनंतर कॅपच्या फेरीत मला छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळत होतं. मला कॉम्प्युटरच हवं होतं, त्यामुळं कॅपची जागा सोडून तशाच एका कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, प्रवेश घेतला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "फी तेवढीच आहे, काळजी करू नका." फी तेवढीच होती हे खरं. पण कोट्यातून येणाऱ्याला शासनाची फी सवलत मिळत नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच वर्षी खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आली. माझ्या खोलीतल्या मुलाला निम्मी ट्यूशन फी परत मिळू लागली. आम्ही एकाच ताटलीत जेवायचो, एकाच वर्गात बसायचो, पण चार वर्षांत त्याला दीड लाखानं डिग्री स्वस्त पडली.

म्हणून हे नीट वाचा:

- टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची योजना): मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर चारही वर्षं ट्यूशन फी माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला. पोरं साधा कोड भरतात आणि मग म्हणतात आम्हाला मिळालंच नाही. मेरिट कडक लागतं, आणि मागाहून कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.
- शाहू महाराज योजना: खुला प्रवर्ग, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, निम्मी ट्यूशन फी. घरातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच.
- मुली: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. घरात मुलगा आणि मुलगी दोघं पाठोपाठ असतील तर हा आकडा मांडून बघाच. "पोरीला बीए करू दे, पोराला इंजिनिअर करू" हे गणित आता पैशाच्या हिशोबानंही चुकीचं ठरतं.
- अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या आणि इतर प्रवर्ग: प्रत्येकाची योजना वेगळी, उत्पन्नाची अट वेगळी. अर्ज मात्र सगळ्यांचा महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच.
- राहण्याचा खर्च: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. फीच्या सवलतीपुढं लोक हे विसरतात. वर बघितलंत ना, खोली-मेसचा खर्च जवळपास फीएवढाच आहे.

शाखेचा हट्ट किती धरायचा? माझं मत स्पष्ट आहे. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६० सालचं) किंवा नांदेडच्या विष्णुपुरीतलं एसजीजीएस (१९८१ सालचं), इथं आयटी किंवा ईअँडटीसी मिळत असेल, तर कुठल्या तरी माळावरच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरसाठी ते सोडू नका. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीत बहुतेक वेळा शाखांची भिंत नसते. एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांना शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढून टाकली. त्यामुळं कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. जागा एका सहीनं वाढतात, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. कॉलेज बघायला जाल तेव्हा कॉम्प्युटर विभागात किती शिक्षक कायम आहेत, एवढंच विचारा.

३. कागद बारावीच्या दिवाळीतच काढायला घ्या

निकालानंतर सेतूवर जी रांग लागते तिच्यात उभं राहण्यात काही शौर्य नाही. लागणारे कागद असे:

- दहावी-बारावीची गुणपत्रकं, सीईटीचं स्कोअर कार्ड, टीसी
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, ज्याला जे लागू
- आधारशी जोडलेलं मुलाच्या नावचं बँक खातं
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट

यात खरी अडचण जात वैधतेची. आपल्याकडचे जुने पुरावे निजामकाळातले, काही उर्दूत, काही मोडीत, पणजोबाच्या नावात एका कागदावर 'राव' आणि दुसऱ्यावर नुसतंच नाव. समितीकडून त्रुटी निघाली की महिने जातात. अकरावी-बारावीलाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअरवर मुदतीची तारीख बघा, ती ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षीचा दाखला घेऊन गेलेली मुलं दर वर्षी काउंटरवरून परत येतात.

महाडीबीटीबद्दल दोन गोष्टी. अर्ज एकदा भरून भागत नाही, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. आणि पैसे उशिरा येतात. काही कॉलेजं तोवर पूर्ण फी मागतात, 'आली की वळती करू' म्हणतात. पहिल्या वर्षीच्या खर्चात सवलत धरूच नका, तेवढी रोकड हाताशी असू द्या.

४. प्लेसमेंटचा बोर्ड वाचू नका, तक्ता वाचा

संभाजीनगरात क्रांती चौकातून 'बाबा पेट्रोल पंप' या चौकाकडं जाताना कॉलेजांचे बोर्ड दिसतात. टाय लावलेल्या पोरांचे फोटो, खाली १२ लाख, १८ लाख. खोटे असतीलच असं नाही. पण एकाच पोराला तीन कंपन्यांनी घेतलं तर बोर्डावर तीन प्लेसमेंट होतात. आणि सर्वांत मोठ्या पॅकेजवरून तुमच्या पोराला काय मिळेल ते कळत नाही, जसं गावातल्या एका बागायतदाराच्या उसावरून आपल्या कोरडवाहूचा अंदाज येत नाही.

त्यापेक्षा हे करा. एनआयआरएफसाठी (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) अर्ज करणाऱ्या कॉलेजला आपली माहिती भरून वेबसाइटवर ठेवावी लागते. रँक आलेली नसली तरी माहिती असते. त्यातला चार वर्षांच्या पदवीचा तक्ता काढा. त्यात ओळीनं असतं: किती जागा, किती प्रवेश, किती जण ठरल्या वेळेत पास, किती जणांना नोकरी, त्यांच्या पगाराचा मध्यांक, आणि किती जण पुढं शिकायला गेले.

समजा तक्त्यात प्रवेश ३००, वेळेत पास १९०, नोकरी ८०, मध्यांक ३ लाख. आता ८० ला १९० नं भागू नका, ३०० नं भागा. तुमचं लेकरू प्रवेश घेणाऱ्यांत आहे, पास झालेल्यांत नाही अजून. आणि मध्यांक ३ लाख म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकीही निम्म्यांना त्याहून कमी मिळतात. (हा तक्ता पूर्ण कॉलेजचा असतो, कॉम्प्युटरचा आकडा त्यापेक्षा बरा असू शकतो. तो विभागातून वेगळा मागा, लेखी.)

नंतर लिंक्डइनवर त्या कॉलेजचं नाव टाकून दोन वर्षांपूर्वी पास झालेली चार पोरं शोधा आणि सरळ फोन मागा. "दादा, मी परभणीचा, प्रवेश घ्यायचाय" म्हटलं की आपल्याकडची पोरं बोलतात. त्यांना एकच विचारा: तुमच्या वर्गातल्या मधल्या रोल नंबरची पोरं आज काय करतात?

५. कर्ज घ्यायचंच असेल तर व्याज आधी समजून घ्या

माझी दुसरी चूक. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा किंवा घराजवळच्या शाखेत जा, साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई-वडील सहकर्जदार असतात. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो. हे ऐकून आम्ही निर्धास्त झालो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, हे डोक्यात शिरलंच नाही.

हिशोब बघा. दर वर्षी १ लाख उचललं, व्याज १० टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं सरळ व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिना जवळपास ९ हजार. शिकतानाच व्याज भरत गेलो असतो तर हप्ता साडेसहा हजारांवर आला असता. पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला ८३३ रुपये होतं. तेवढ्याचा तर आम्ही चौघं संभाजीनगरच्या कॅनॉट प्लेसला चहा-वडापाव खायचो.

वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून या काळातलं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मान्यता (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था) लागते. म्हणजे एनबीए ही नुसती गेटवरची पाटी नाही, दीड लाखाचा प्रश्न आहे. बँकेत अर्ज देतानाच ही योजना तोंडानं मागा, लेखी पोच घ्या. मॅनेजर बदलला की तोंडी बोलणं त्याच्याबरोबर बदली होऊन जातं.

आडत्याकडून किंवा खाजगी सावकाराकडून फीसाठी उचलू नका. गावात याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत.

६. पॅकेज म्हणजे आडतीवरची पट्टी

मोंढ्यात माल घातला की पट्टी येते. वर ठोक रक्कम, खाली हमाली, तोलाई, आणि सगळ्यात शेवटी हातात काय ते. नोकरीचं ऑफर लेटरही तसंच वाचायचं. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरची सुरुवात कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकली आहे. ३ लाख ६० हजार धरू. घरात सगळे म्हणतात, "महिना तीस हजार!" आता पट्टी:

- कंपनीचा पीएफ हिस्सा, महिना १,८०० (मूळ पगार १५ हजार धरून): वर्षाचे २१,६००
- ग्रॅच्युइटी: साधारण ८,६००, आज हातात येत नाही
- कामगिरीवरचा बदलता भाग: समजा २०,०००, मिळाला तर वर्षाअखेर

उरले सुमारे ३ लाख १० हजार, महिना २५,८००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २३,८००. पीएफ तुमचाच आहे, बुडत नाही, पण पुण्याच्या घरमालकाला पीएफ चालत नाही.

हिंजवडी किंवा खराडीकडं तिघांत एक फ्लॅट, डबा, पीएमपी, मोबाइल, सहा आठवड्यांतून एकदा गावाकडची ट्रॅव्हल्स: १४ हजारांत भागवणारा मुलगा काटकसरीच म्हणायचा. राहिले पावणेदहा हजार. त्यातले नऊ हजार हप्ता.

ऑफर लेटरमध्ये बाँडचं पान असेल तर थांबून वाचा. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाला उचल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, बाँड तोच प्रकार आहे. दोन वर्षांच्या आत सोडलं तर इतके भरा. दीड वर्षाच्या आतला, ५० हजारांपर्यंतचा बाँड मी समजू शकतो. मूळ गुणपत्रकं ठेवून घेणाऱ्या कंपनीत मात्र पाय ठेवू नका.

७. डिग्री आणि नोकरी यांच्या मधले महिने वहीत लिहा

सगळ्यात महागडे महिने हेच, आणि हेच कुणी धरत नाही. मी २०२० च्या तुकडीतला. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन व्हायवा दिली, गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, कारण नेटवर्क तिथंच यायचं. कॉलेजातून मिळालेली ऑफर 'पुढं ढकलली', मग मेलचं उत्तर येणं बंद झालं. दिवाळीच्या आधी पुण्याला गेलो. नोकरी लागली पुढच्या जूनमध्ये, हातात साडेसतरा हजार.

मधल्या आठ महिन्यांचा खर्च आजच्या भावानं धरा: महिना १२ हजार, म्हणजे ९६ हजार. शिवाय एक क्लास, ४० हजार. १ लाख ३६ हजार. बहुतेक घरं हे पैसे उधारीवर उभे करतात, कारण चार वर्षांचं नियोजन चौथ्या वर्षी संपलेलं असतं.

या काळातले सापळे:

- पैसे देऊन नोकरी. 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'लॅपटॉपचे पैसे', 'मागच्या दारानं एंट्री'. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. एवढं पक्कं धरा.
- खोटा अनुभव. 'दोन वर्षांचा अनुभव दाखवू' म्हणणारे क्लासवाले आहेत. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, पीएफचा इतिहास बघतात. सापडलात की तिथली दारं कायमची बंद.
- "सोबत एमपीएससी पण करतो." एकतर हे करा किंवा ते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून कोडिंग होत नाही, माझे तीन मित्र दोन्हीकडून गेले.
- वायडी (विषय राहिल्यानं वर्ष वाया जाणं) आणि बॅकलॉग (राहिलेले विषय). हा सापळा आधीच लागतो. एक वर्ष वाया गेलं तर खोली-मेस आणि वरखर्चाचे ७० हजार, त्या वर्षाची शिष्यवृत्ती आणि एका वर्षाचा पगार असं तिन्हीकडून जातं. बहुतेक कॅम्पस कंपन्या दहावीपासून ६० टक्के आणि शून्य बॅकलॉग मागतात. पहिल्या वर्षीचा मॅथ्स हा या पूर्ण हिशोबातला सगळ्यात महाग विषय आहे.

हे महिने कमी कसे करायचे? तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप, मग ती बिनपगारी आणि संभाजीनगरातल्या चार माणसांच्या ऑफिसात का असेना. आणि इंग्रजीत दोन मिनिटं स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल न अडखळता बोलता येणं. मुलाखतीत आपली मराठवाड्याची पोरं उत्तर चुकल्यामुळं कमी आणि गप्प बसल्यामुळं जास्त गळतात. आता तर नवख्याला देत असत ती छोटी कोडिंगची कामं एआयची साधनं करून टाकतात. त्यामुळं मुलाखतीत 'हे का केलं' हेच विचारतात.

८. स्वस्तातला रस्ताही वहीत मांडा

माझ्या चुलत भावानं परभणीतच, घरी राहून बीसीएस (कॉम्प्युटर सायन्सची तीन वर्षांची पदवी) केलं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची डिग्री. वर्षाची फी माझ्या एका सेमिस्टरच्या मेसपेक्षा कमी. मग एमसीए-सीईटी देऊन दोन वर्षांचं एमसीए, कॅपमधून, निम्म्या फीत. पाच वर्षांत घरातून तीन लाखांच्या आत पैसे गेले. पहिली नोकरी त्याला माझ्यापेक्षा वरच्या पगाराची मिळाली, एक वर्ष जास्त शिकला एवढंच.

बीसीएसची अडचण ही की नुसत्या त्या डिग्रीवर मोठ्या कंपन्यांचे काही दरवाजे उघडत नाहीत, एमसीएपर्यंत जायची तयारी लागते. बीसीए घ्यायचं असेल तर आता त्याचीही सीईटी आहे. बारावीच्या गडबडीत तिच्या फॉर्मची तारीख निघून जाते, तेवढं बघा.

दहावीनंतरच ठरलेलं असेल तर शासकीय तंत्रनिकेतन हा फार चांगला आणि फार दुर्लक्षित रस्ता. तीन वर्षांचा डिप्लोमा कमी फीत, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. लातूर पॅटर्नच्या दोन वर्षांच्या शिकवणीचा खर्च वाचतो तो वेगळाच. आणि तो खर्च, ज्यांनी केलाय, त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला हरकत नाही.

९. आता बेरीज

शिक्षणाचे ५,६०,०००, मधल्या महिन्यांचे १,३६,०००, न मिळालेल्या कमाईचे १,९२,०००. एकूण ८ लाख ८८ हजार. कर्जाचं व्याज वेगळं.

दुसऱ्या बाजूला पगारातून उरणारे पैसे. पहिल्या वर्षी महिना १० हजार, दुसऱ्या वर्षी १२. तिसऱ्या वर्षी नोकरी बदलली आणि खर्च जाऊन २२ उरू लागले, चौथ्या वर्षी २८. चार वर्षांत ८ लाख ६४ हजार. व्याज धरलं तर पैसे वसूल व्हायला नोकरी लागल्यापासून पाच वर्षं. शाहू योजना गेली, कोट्यातून आलात, तर त्यात आणखी १ लाख ७० हजार घाला. एक वायडी घाला. मग सहा-सात वर्षं.

बघा, पहिल्या दोन वर्षांत डिग्रीवाला आणि वाळूजवाला यांच्यात फारसा फरक नाही. फरक पडतो तो तिसऱ्या वर्षीच्या उडीनं, आणि ती उडी सगळ्यांची होत नाही. माझी थोडी आधीच झाली, २०२२ मध्ये, भरती जोरात होती तेव्हा. पगार अडीचपट झाला. पुढच्याच वर्षी भरती आटली आणि माझ्याइतकीच हुशार पोरं तिथंच राहिली. त्यात माझं कर्तृत्व किती आणि वेळ किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. म्हणून वहीत तिसऱ्या वर्षीची उडी न धरताही एकदा बेरीज करा. उडीशिवाय दहा वर्षांतही वसूल होत नसेल तर ते कॉलेज, त्या सीटवर, घेऊ नका. त्याच पोराला बीसीएस-एमसीए किंवा सरकारी कॉलेजची दुसरी शाखा टाकून पुन्हा बेरीज करा.

परवा मावशीच्या मुलाची वही आम्ही व्हिडिओ कॉलवर भरली. कोट्यातलं कॉम्प्युटर साडेसात वर्षं, कॅपमधलं आयटी पाच. पोरगं दहा मिनिटं गप्प होतं. मग मागून काकांचा आवाज आला, "ते जाऊ दे, क्विंटलमध्ये किती झालं ते सांग."